सोडवलेली पानं

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घरात त्या रात्रीचा विषय कुणी काढलेला नाही. आजोबा 'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते' म्हणाले, तू ताडकन 'न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति' समोर टाकलंस, ते म्हणाले, "संदर्भ बघ जरा." त्यावर तू म्हणालीस, "आवडती ओळ जशीच्या तशी आणि नावडती आली की संदर्भ! एक तर अक्षरशः माना, नाहीतर सोडून द्या." मी गप्प बसले. तुझं पहिलं वाक्य पटलं होतं, दुसरं नव्हतं, आणि त्या आवाजात दोन्ही सांगणं जमेना.

काल आजोबा झोपल्यावर त्यांची मनुस्मृती काढली. तिसऱ्या अध्यायातलं ते पान बोटं लागून लागून काळवंडलंय, ५६व्या श्लोकाखाली पेन्सिलीची रेघ. नववा अध्याय कोरा करकरीत. दोन पानं तर कडेला जोडलेलीच होती, सुरीनं सोडवली.

संदर्भ बघायला गेले आणि तोच अंगावर आला. तुझा श्लोक नवव्यातला तिसरा, बापानं, नवऱ्यानं, मुलानं बाईचं रक्षण करावं असं सांगणारा. त्याच्या आदल्याच श्लोकात पुरुषांनी आपल्या बायकांना रात्रंदिवस अस्वतंत्र ठेवावं असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे 'ते फक्त रक्षणाबद्दल आहे हो' म्हणून सुटका करून घ्यायची सोय नाही. आणि आजोबांचा लाडका श्लोक? तीन श्लोक पुढे गेलं की ती पूजा कशानं करायची ते येतं: दागिने, वस्त्रं, खाणं. तेव्हा इथवर तुझीच सरशी.

पण 'अक्षरशः' या शब्दावर तू फार विसंबू नकोस. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अठरावं सूक्त वाच. कुणी गेल्यानंतरचं आहे. सातव्या ऋचेत डोळ्यांत अंजन घातलेल्या, आसवं नसलेल्या बायका पुढे येतात. शेवटचे शब्द 'योनिमग्रे'. योनि म्हणजे इथे जागा, अग्रे म्हणजे पुढे, आधी. सतीचं समर्थन करताना त्या जागी 'अग्नेः' असा पाठ धरला गेला. एवढ्याशा फरकानं बाई थेट आगीत! बरं, अक्षरालाच चिकटायचं होतं तर ऋचेचा आरंभ तरी बघायचा: 'इमा नारीरविधवाः', या विधवा नसलेल्या बायका. आणि पुढची, आठवी ऋचा तर प्रेताशेजारी पडलेल्या बाईलाच सांगते, 'उदीर्ष्व नारि', ऊठ बाई, जिवंतांच्या जगाकडे ये. कायद्यानं बंदी यायला १८२९ साल उजाडलं, आणि उत्तर त्याच सूक्तात एका ऋचेवर पडलेलं होतं. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

इथे अक्षर आणि संदर्भ यांचं भांडणच नाही. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, वाचणाऱ्यानं दोन्हींकडे पाठ फिरवली.

अक्षर सोडणाऱ्यांचंही एक सांगते. 'डोळ्याच्या बदल्यात डोळा' हे बायबलातलं वचन. तालमुद या ज्यूंच्या धर्मचर्चांच्या ग्रंथातल्या पंडितांनी त्याचा अर्थ पैशाची भरपाई असा लावला. त्यांच्यातला एक सवाल मला फार आवडला: डोळा फोडणारा आधीच आंधळा असेल तर काय करणार? एवढ्या उघड शब्दांपासून ते दूर गेले, पण गुपचूप नाही. का जातोय ते त्यांनी वाद घालून मांडून ठेवलं. ज्याला पटत नाही त्याला बोट ठेवायला जागा आहे. आजोबांच्या 'संदर्भ बघ'मध्ये ती जागा नव्हती, म्हणूनच तू चिडलीस ना?

आणि नुसत्या आजोबांनाच का धरावं? तू लहान असताना एकलव्याची गोष्ट मी तुला गुरुभक्तीची म्हणून सांगत असे. अर्जुनाहून वरचढ कुणी होऊ नये म्हणून अंगठा मागितला, हे गाळून. तू "पण का मागितला?" म्हणून विचारायचीस आणि मी "झोप आता" म्हणायचे.

आज सकाळी आजोबांना ती सोडवलेली पानं दिसली. काही बोलले नाहीत, फक्त भिंग मागितलं. दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हाही ते नवव्यातच होते. "सई परत कधी येणार?" एवढंच विचारलं. स्वर भांडणाचा होता की कसला, मला कळलं नाही. पेन्सिल मात्र त्यांनी मागून घेतली आहे.

तुझी,
आई