पुन्हा क्युरेटिंग करण्याआधी कलर डॉपलर करा

महोदय,

‘अजून एकदा क्युरेटिंग करून बघू, नाही थांबलं तर पिशवी काढू,’ असे माझ्या 29 वर्षांच्या भाचीला पुण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये सांगितले, तेव्हा तिची फक्त साधी सोनोग्राफी झाली होती. गर्भपातानंतर एकदा क्युरेटिंग करून, म्हणजे आतून खरवडून, पिशवी साफ केलेली. त्यानंतर काही दिवस अगदी ठीक जायचे आणि मग उभ्या उभ्या एकदम इतके अंगावरून जायचे की कपडे, चादर सगळे भिजायचे. मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. असे थांबून थांबून उसळणारे रक्त पाहिले की मला वेगळीच शंका येते.

धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांचे जाळे असते. रक्ताचा जोर तिथे ओसरतो. गर्भाशयाच्या भिंतीत कधी कधी हे जाळे वगळून दोन्ही थेट जोडल्या जातात. डॉक्टर याला एव्हीएम म्हणतात. क्वचित जन्मजात, बहुधा क्युरेटिंग, सिझेरियन किंवा गर्भपातानंतर होणारा दोष. तिथेच पुन्हा क्युरेट फिरवली तर रक्तस्राव हाताबाहेर जाऊ शकतो. साध्या सोनोग्राफीत हे गर्भाचा अंश राहिल्यासारखे दिसू शकते. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा कलर डॉपलर लावला की पडद्यावर रंगपंचमी! सोबत बीटा एचसीजी ही रक्ततपासणी हवी, म्हणजे गर्भाचा अंश किंवा द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांसारखे फोड वाढणे) तर नाही ना, याचा अंदाज येतो. (असे रंग दिसले म्हणजे एव्हीएमच, असेही नाही. रक्तस्राव थोडा असेल तर पुष्कळदा ते आपोआप विरते.)

भाचीला आम्ही इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे, म्हणजे पडद्यावर बघत नळीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेले. जांघेतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमन्यांपर्यंत नेऊन, बारीक कण सोडून त्यांनी ती वाट बुजवली. भूल जांघेपुरतीच, पोटावर टाका नाही. रात्री मात्र ओटीपोटात फार कळा आल्या; हे आधी कुणी सांगत नाही. काहींना हा उपचार पुन्हा करावा लागतो, पुढच्या गरोदरपणाची हमी कुणी देऊ नये. पण पिशवी राहते. जिवावर बेतले तर ती काढावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती ‘एक मूल झालंय ना, मग कशाला हवी पिशवी’ म्हणणाऱ्या नातेवाइकांबद्दल आणि त्यावर मान डोलावणाऱ्या डॉक्टरांबद्दल. भोर-जुन्नरहून अशी बाई पुण्याला पाठवताना चिठ्ठीवर आधीच्या क्युरेटिंगची तारीख आणि ‘कलर डॉपलर करावा’ एवढे तरी लिहून द्यावे.

— एक निवृत्त परिचारिका, धनकवडी, पुणे