ग्रंथी स्नायूत बसवली, पण पेशंटला सांगणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या वर्षी माझ्या ताईची थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढली. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती, एक पॅराथायरॉईड मानेच्या स्नायूत बसवलीय म्हणून. त्याचा अर्थ आम्हाला कोणीच सांगितला नाही. ताईला बरं वाटायला लागलं तशा तिने कॅल्शियमच्या गोळ्या मनानेच बंद केल्या आणि तिसऱ्या दिवशी चपात्या करताना ओठाभोवती मुंग्या आल्या, बोटं अशी आखडली की हातातलं लाटणं सुटेना. रात्री रिक्षाने इमर्जन्सीत नेलं, शिरेतून कॅल्शियम दिलं तेव्हा कुठे हात सैल झाला.

नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. थायरॉईडच्या मागे साधारण चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये एखादीचा रक्तपुरवठा तुटला तर सर्जन तिचे मिलिमीटरभराचे तुकडे करून स्नायूत पेरतात. इतके बारीक का, तर सुरुवातीला त्यांना रक्तवाहिनीच नसते, आजूबाजूने झिरपेल तेवढ्या ऑक्सिजनवर भागवायचं आणि तो मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतही जेमतेम पोचतो. मग गुदमरलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात, त्याच्या दिशेने स्नायूतल्या केशवाहिन्यांना फांद्या फुटतात. ग्रंथी कामाला लागायला काही आठवडे जातात, कधी दोन-तीन महिनेही, आणि तोवर सगळा भार गोळ्यांवर. ताई लगेच म्हणाली, अगं म्हणजे भाताच्या लावणीसारखंच की, रोप आधी पिवळं पडतं मग मूळ धरतं!

डायबेटिसमध्येही हीच अडचण. 2000 साली कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी सात पेशंटच्या लिव्हरमध्ये स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी पेशीबेटं सोडली, सातही जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं सुटली, पण नव्या रक्तवाहिन्या यायच्या आधीच बरीचशी बेटं मरतात, त्यामुळेही एकेका पेशंटला एकाहून जास्त दात्यांची बेटं लागली.

एवढी नाजूक गोष्ट पेशंटच्या मानेत चाललेली असते आणि त्यालाच ठाऊक नसतं, याचा मला खरंच राग येतो. कार्डावर मराठीत दोन ओळी लिहायला काय जातं? ‘ग्रंथी पेरली आहे, ती रुजेपर्यंत गोळ्या विचारल्याशिवाय बंद करू नका.’ आपल्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या सर्जनकडून जरूर लिहून घ्या, ही विनंती.

आपली,
एक वाचक, भोर