काकू, तुमच्या पंपकिन ब्रेडबद्दल

काकू, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. इकडे नव्याने संसार मांडलेल्या मुलींच्या हाती लागलं तर तेवढंच पुण्य.

इथे अमेरिकेत, इलिनॉयमधल्या पिओरियात फॉल, म्हणजे पानगळीचा मोसम आला की भोपळ्यापासून सुटका नाही. शेजारचं मॉर्टन गाव स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवतं, आणि ते काही उगाच नाही. अमेरिकेत डब्यात मिळणारा बहुतेक भोपळा तिथल्या कारखान्यातूनच बाहेर पडतो. कॉफीपासून मेणबत्तीपर्यंत सगळीकडे तोच वास, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा वीट आला होता. पण त्या वासात दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग यांपलीकडे फारसं काही नसतं हे तुम्ही दाखवलंत. 'पंपकिन पाय स्पाइस'ची महागडी बाटली मला घेऊ दिली नाहीत, तिथूनच आभारांना सुरुवात करते.

पुढचं त्याहून मोलाचं. "घारगे येतात ना तुला? मग झालं. फक्त एक गोष्ट उलटी," असं म्हणालात. घारग्यांना गुळात शिजलेल्या भोपळ्यात मावेल तेवढी कणीक घालायची. भोपळा पाणचट निघाला तर मूठभर जास्त, बस्स. ब्रेडमध्ये मैदा मोजून ठरलेला, पावणेदोन कपांना एक कप भोपळा. तिथे वरून मैदा वाढवला तर ब्रेड दडदडीत होतो. म्हणजे जे काही आटवायचं ते आधी, कढईत. भोपळा उभा चिरून, पालथा घालून ओव्हनमध्ये भाजायचा, गर काढून वाटायचा आणि मंद आचेवर परतत राहायचं. पळी फिरवली की कढईचा तळ क्षणभर कोरडा दिसला पाहिजे, लगेच गर परत जुळून आला नाही पाहिजे. तुम्ही माझ्या हातातली पळी थांबवून तो तळ दाखवलात. एवढं एक कळलं आणि बाकीची कृती मला कधी कागदावर लिहून ठेवावी लागली नाही.

हॅलोवीनला कोरतात ते भोपळे आणायचे नाहीत, ते तंतूळ आणि फिके असतात, हेही तुमचंच. डब्यात भरतात तो लांबट, बदामी सालीचा डिकिन्सन वेगळ्या जातीचा. आपला लाल भोपळा आणि दुकानातला बटरनट हे त्याच्याच गोतावळ्यातले. तेव्हापासून मी बटरनटच आणते. मैदा घातल्यावर फार ढवळायचं नाही, ९ बाय ५ इंची टिन, ३५० फॅरनहाइट, तासभर. वरून लवकर तांबूस झालं तर फॉइल झाकायचं. इथवर सगळे सांगतात.

सासूबाई राहायला आल्या तेव्हा मात्र तुम्ही खरी अडचण सोडवलीत. त्यांना अंडं चालत नाही आणि मला त्यांच्यासाठी वेगळं काही करून ठेवायचं नव्हतं. सगळ्यांनी एकाच ताटातलं खावं असं वाटत होतं. एका अंड्याला पाव कप घट्ट दही, असं तुम्ही फोनवरच सांगितलंत, आणि वर कारणही: दह्याच्या आंबटपणाने सोडा चांगला फुलतो. ब्रेड थोडा कमी फुगला, पण चवीला उतरला. सासूबाईंनी पहिल्या दिवशी "केकच की हा" म्हणत एक फोड घेतली. दुसऱ्या दिवशी ओल सगळीकडे सारखी मुरल्यावर तीन घेतल्या, वर साजूक तूप लावून. तूप लावायची कल्पना त्यांची, पण श्रेय मी तुमच्याच खात्यात टाकते.

कारण विचारलं तर "असंच करतात" हे उत्तर तुमच्याकडून एकदाही आलं नाही. मला वाटतं, मी शिकले ती त्यामुळेच.

यंदा ब्राउन शुगरऐवजी कोल्हापुरी गूळ घालून बघावं म्हणते. सोडा तेवढाच ठेवू की थोडा कमी करू? शनिवारच्या आत कळवा.

तुमची,
पिओरियातली शेजारीण