घंटागाडीपाशी भेटलेली माणसं

ताइचुंग, तैवान

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र दादाला मेल केलंय आणि अक्षर मोठं करून प्रिंट काढायला बजावलंय. फोनवर तुम्ही हल्ली "हं, हं" म्हणता आणि आईकडे फोन देता, तेव्हा मला कळतं की काही ऐकू आलेलं नाही. कानाचं मशीन शर्टाच्या खिशात ठेवलं तर ते खिशालाच ऐकू येणार ना?

आई, गेल्या रविवारी तू मध्येच विचारलंस, "तिथं तुझं आहे कोण?" मी हसून विषय बदलला आणि तूही गप्प राहिलीस. तुझं ते गप्प राहणं आठवडाभर डोक्यात आहे. तीन वर्षांत पगार, खोली, जेवण, पाऊस सगळं सांगून झालं, एवढं एकच राहिलं होतं. म्हणून लिहायला बसले.

पहिलं वर्ष वाईट गेलं. आता सांगायला हरकत नाही. कंपनीतली माणसं वाईट नव्हती हो, उलट फार सांभाळून घेणारी. बाबा, उद्यमनगरात तुम्ही धातू कापायच्या ज्या व्हीएमसी मशीनच्या पाठीवर 'मेड इन तैवान'ची पाटी दाखवायचात, तसली मशीन बनवणाऱ्यांचं हे माहेरघर आहे. आमच्याकडे बारा वाजले की डबा, आणि डबा झाला की चक्क दिवे बंद! सगळे टेबलावर डोकं टेकून झोपतात, साहेबसुद्धा. मला उशी नव्हती, तर दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईनं आणून दिली. पण सहा वाजले की ज्याची त्याची स्कूटर, ज्याचं त्याचं घर. त्यांची मैत्री शाळा-कॉलेजातली, तिथं आपल्याला जागा कुठली असायला? माझं चिनी तेव्हा स्पिंडल, कूलंट, किती, उद्या एवढ्यावर चालायचं. मशीनला काय झालंय ते विचारता यायचं, माणसाला काय झालंय ते विचारता यायचं नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये जायचे. दार उघडलं की काउंटरवरचा पोरगा मान वर न करता "या, या" अशा अर्थाचं काहीतरी ओरडतो. तो ते सगळ्यांनाच म्हणतो, कुत्रं शिरलं तरी म्हणेल. पण कंपनीबाहेर माझ्याशी दिवसभरात कोणी बोललेलं तेवढंच, असे दिवस होते. तुमचं जेवण आवरून साडेआठला फोन यायचा तेव्हा इथं अकरा वाजलेले असायचे आणि मी "झोप आलीय" म्हणून ठेवायचे. झोप येत नव्हती, रडू येत होतं.

इथली माणसं रस्ता विचारला तर बरोबर चालत येऊन पोचवतात. छत्री नसेल तर स्वतःची देतात. पण घरी बोलावत नाहीत. कोणाला भेटायचं तर बाहेर, हॉटेलात, आधी ठरवून. आपल्यासारखं "आलेच होते इकडं" म्हणून कोणी दारात उभं राहत नाही. हे दोन्ही एकाच माणसात असतं, हे कळायला मला वेळ लागला.

मग मी परदेशी लोकांच्यात शिरले. अमेरिकन, कॅनेडियन, दक्षिण आफ्रिकेतले, बरेचसे इंग्रजी शिकवायला आलेले. शाळा सुटल्यावर मुलं ज्या क्लासला जातात त्याला इथं बुशिबान म्हणतात, रात्री नऊपर्यंत चालतात. त्यामुळं या लोकांचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो. दर आठवड्याला एका पबमध्ये प्रश्नमंजुषा असायची, त्यांच्या टीममध्ये मी आठ महिने होते. आठ महिन्यांत क्रिकेटवर एकच प्रश्न आला. तेवढा मी बरोबर सांगितला! (आई, मी लिंबू-सोडाच प्यायचे. बहुतेक वेळा.)

गोऱ्या लोकांना इथं 'आदोगा' म्हणतात, मोठ्या नाकाचे. माझं नाक बाबांवर गेलंय, कोणाला हार जाणार नाही, तरी मी आदोगा नाही. मी नुसतीच 'परदेशी'. त्यांच्याकडं बघून लोक हसून "हॅलो" करतात, माझ्याकडं बघून आधी विचार करतात. पण त्यांचंही काही सोपं नाही, हे जवळून पाहिल्यावर कळलं. एक जण चौदा वर्षं इथं आहे. तो म्हणाला, "पहिल्या महिन्यात इथं पन्नास ओळखी होतात, आणि दर दोन वर्षांनी त्याच पन्नास ओळखी नव्या माणसांशी पुन्हा करायच्या." वर्षाचा करार संपला की माणूस चालला. सेंडऑफच्या पार्ट्याच इतक्या व्हायच्या की वाढदिवस कमी पडायचे. जाणारा माणूस सामान वाटून जातो. माझा टेबलफॅन एका कॅनेडियन जोडप्याचा आहे, इस्त्री एका आयरिश मुलीची, आणि ज्या दातोंगच्या विजेच्या कुकरमध्ये मी खिचडी लावते तो कोणाचा होता हेसुद्धा आता आठवत नाही. कुकर मात्र उत्तम आहे.

मध्ये एक भाषेची देवाणघेवाणही करून पाहिली. एका मुलीनं मला चिनी शिकवायचं, मी तिला इंग्रजी. तिसऱ्या भेटीत तिनं फार गोड शब्दांत सांगितलं की तिला अमेरिकन उच्चार हवे होते. मी कॉफीचे पैसे दिले आणि घरी आले. त्या दिवशी राग आला होता. आता वाटतं, बरं झालं, निदान तोंडावर सांगितलं.

आपली माणसं शिन्चूला बरीच आहेत, तिथल्या सायन्स पार्कमुळं. दिवाळीला गेले होते, चकली खाल्ली, मराठी बोलून जबडा दुखेपर्यंत बोलले. पण गाडी पकडून जावं लागतं अशी मैत्री सणावारीच उपयोगाची. ताप आला तर कोण, हा प्रश्न राहतोच.

त्याचं उत्तर मला घंटागाडीपाशी मिळालं. हसू नका.

इथं गल्लीत कचराकुंडी नसते. कचरा जमिनीला लागू द्यायचा नाही असा यांचा नियम. ठरलेल्या वेळी पिवळी गाडी येते, तिच्यावर बीथोव्हेनची पियानोची धून वाजते, आणि धून ऐकली की अख्खी गल्ली पिशव्या घेऊन खाली उतरते. पायजम्यात, केसांना टॉवेल गुंडाळून, पोर कडेवर घेऊन. आपली पिशवी आपणच गाडीत टाकायची. मागून दुसरी गाडी बाटल्या-कागदांची, खरकटं वेगळ्या पिंपात. गाडी यायच्या आधीची दहा मिनिटं म्हणजे आपल्या गल्लीतला नळाचा कट्टाच समजा. सगळे उभे आणि सगळ्यांची तोंडं चालू.

पहिले कित्येक महिने मी फोनमध्ये डोकं घालून उभी असायचे. एके दिवशी माझ्या हातातली पिशवी एका म्हातारीनं सरळ ओढून घेतली, उघडली, आत हात घालून दह्याचा डबा बाहेर काढला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं बोलली. डबा विसळून मागच्या गाडीत द्यायचा असतो, एवढं मला कळलं. बाकीचं कळलं नाही ते बरंच झालं. दुसऱ्या दिवशी मी विसळलेले तीन डबे मुद्दाम तिच्या नाकासमोर धरले. ती खदाखदा हसली. समोरचे दोन दात नाहीत.

तिला सगळे आमा म्हणतात, म्हणजे आजी. वय अठ्ठ्याहत्तर. तिची बोली तैवानी. चिनी ती शाळेत शिकली, तिच्या लहानपणी शाळेत तैवानी बोललं की दंड व्हायचा म्हणे. म्हणून माझं मोडकं चिनी तिला खटकत नाही, "माझंही दंड भरूनच आलंय" म्हणते. आणि आई, भेटल्या भेटल्या ती पहिलं काय विचारते माहीत आहे? "च्या पा ब्वे?" म्हणजे, जेवलीस का? दुसरा प्रश्न पगार, तिसरा लग्न. कोल्हापुरातून निघून इतक्या लांब आले, ते तुझीच मोठी बहीण भेटायला!

मी बीफ खात नाही हे कळल्यावर मला वाटलं आता दहा प्रश्न येणार. ती शांतपणे म्हणाली, आमच्याकडंही खात नाहीत. वडिलांची भातशेती होती, ज्यानं नांगर ओढला त्याला खायचं कसं? जुन्या शेतकरी घरांतून इथं तशी रीत आहे. मी तिला फोनवर आपल्या बेंदराचे फोटो दाखवले, शिंगं रंगवलेले, झूल घातलेले बैल. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितले.

आता रविवारी पहाटे तिच्या कंपूबरोबर मी दाकेंगच्या डोंगरावर जाते. शहराच्या कडेलाच आहे, दहा वाटा, प्रत्येकीला नंबर. एक ते चार नंबरच्या वाटा म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांच्या शिड्याच. तिकडं आम्ही जात नाही, नऊ नंबर बरी. सहा जण आहेत, मी सोडून सगळे सत्तरीच्या आसपास, आणि धापा मलाच लागतात. वर बसून थर्मासमधला चहा, बिनदुधाचा (बाबा, तुम्ही त्याला गरम पाणीच म्हणाल), सोललेले पेरू आणि दुसऱ्यांच्या सुनांवर चर्चा. त्यांच्या 'लाइन'च्या ग्रुपवर रोज सकाळी साडेपाचला कमळाचं फूल आणि वर "सुप्रभात, तब्येत सांभाळा". बाबा, तुमचं व्हॉट्सअप यांच्याकडं आलं की यांचं तुमच्याकडं, हे शोधायला पाहिजे.

वसंतात तिनं मला दाज्याच्या माझू देवीची पालखी दाखवली. नऊ दिवस आणि आठ रात्री लोक पायी चालतात, जाऊन येऊन तीनशेच्या वर किलोमीटर. रस्त्याच्या कडेला लोक टेबलं मांडून येईल त्याला खायला देतात, पैसे घेत नाहीत. पालखीखालून सरपटत जायला रस्त्यावर माणसांची रांग ओणवी होती. फटाक्यांच्या धुरात मला चैत्रातल्या जोतिबाची आठवण झाली, फक्त गुलाल नव्हता. आमानं माझा दंड धरून मला रांगेत ढकललं. गुडघे खरचटले. कंपनीत सोमवारी सगळ्यांना दाखवले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दुपारचे दिवे बंद झाले तरी आमच्या टेबलावर गप्पा चालू राहिल्या.

आणि आता गेल्या नववर्षाचं, जे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. चांद्र नववर्षाला हे शहर रिकामं होतं, जो तो आपल्या घरी. आधीची दोन वर्षं मी ते दिवस झोपून काढले आणि तुम्हाला "मैत्रिणींकडं जेवले" म्हणून सांगितलं. खोटं होतं ते. या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. इथं कोणी न सांगता दार वाजवत नाही, मला वाटलं गॅसवाला. आमा होती. नववर्षाचा दुसरा दिवस हा लेकींनी माहेरी यायचा. तिची लेक कॅनडात असते, चार वर्षांत आलेली नाही. ती म्हणाली, "भात जास्त झालाय." एवढंच. मी केस विंचरले आणि गेले. टेबलावर आठ पदार्थ होते आणि भात बेताचाच होता.

तर असं आहे. अजूनही कधी कधी शनिवारची संध्याकाळ अंगावर येते, येत नाही असं म्हणणार नाही. पण मार्चमध्ये मला ताप आला तेव्हा दोन दिवस मी गाडीपाशी दिसले नाही, तर तिसऱ्या दिवशी दाराबाहेर पेजेचा डबा होता. विसळून परत द्यायचा, असं आत चिठ्ठीत लिहिलेलं.

आई, या रविवारी डोंगरावरून आमा माझ्याबरोबर घरी येणार आहे. तिला तुला बघायचंय. साडेनऊला फोन लावते, तुमच्याकडचे सकाळचे सातच. तिनं "च्या पा ब्वे" म्हटलं की चहा-पोहे काय झालंय ते सांग, पुढचं मी सांगते. लग्नाचा विषय मात्र तुम्ही दोघींनी मिळून काढायचा नाही.

तुमची,
बबी

ता. क. कांदा-लसूण चटणी दादाबरोबर दोन किलो पाठव. एक किलो माझी नाही. बाबा, फोनच्या वेळी मशीन कानात.