काकांचा रंधा

जुहू,
२१ मार्च

प्रिय बाबल्या,

काकांच्या दफनाला तीन वर्षं झाली. त्या दिवशी कबरस्तानाच्या फाटकाशी मी तुला नको ते बोललो, तू कुवेतला परत गेलास आणि त्यानंतर माझ्याकडून एक ओळ नाही. नाताळला मोबाइलवर गोठ्याचं चित्र धाडलं, त्याला कुणी पत्र म्हणत नाही. आईचे गुडघे तसेच आहेत, माझी शुगर ताब्यात आहे.

गेल्या रविवारी पोरगा हरवला होता.

मिस्सा झाली, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला, बाकीची पोरं घरी आली, हा नाही. एक वाजला, दोन वाजले. कालवण तसंच निवत पडलं. मी चौपाटी पालथी घातली, कोळीवाड्यात विचारलं, सांताक्रूझ स्टेशनच्या दोन्ही बाजू बघितल्या. शेवटी चौकीवर गेलो. हवालदाराने वहीतून मान वर केली आणि विचारलं, "तुम्ही मुलाचे कोण?"

बाबल्या, माझी जीभ टाळ्याला चिकटली. लग्नाला आठ महिने झाले, तो मला अंकल म्हणतो. तुझी वहिनीच म्हणाली, "वडील आहेत त्याचे. आम्ही दोघं दुपारपासून शोधतोय."

सहाला मनोरीहून फोन आला. बारा वर्षांचा पोर एकटा बसने मालाडला, तिथून मार्व्याला आणि पुढे होडीने पलीकडे गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा काळोख पडला होता. बंद घराच्या ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. आईला म्हणाला, "शोधत कशाला बसलात? मी पप्पांच्या घरी होतो."

मी काही बोललो नाही. रागवायला तोंडात शब्द तयार होते, ते गिळले. त्याच्या बुटांतली वाळू झाडली आणि म्हटलं, चल, शेवटची होडी जाईल. होडीत तो आईला चिकटून बसला, माझ्या बाजूला हातभर जागा सोडून.

त्या रात्री झोप नाही. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतोय. येशूही बाराचाच होता, तीन दिवस सापडला नाही. मंदिरात सापडला तेव्हा मरियामाता म्हणाली, तुझे वडील आणि मी कासावीस होऊन तुला शोधत होतो. त्यावर पोर म्हणतं, मी माझ्या पित्याच्या घरात असणार हे तुम्हांला ठाऊक नव्हतं का? आजवर मी हे वाक्य येशूच्या बाजूनेच ऐकत आलो. शेजारी मरियामातेचा नवरा, येशूचा पालक पिता संत जोसेफ उभा आहे, रात्री उठून ह्याच पोराला इजिप्तला घेऊन पळालेला, रंधा मारून त्याला वाढवलेला, आणि त्याच्या तोंडावर पोर म्हणतंय की माझ्या पित्याचं घर हे! त्या दोघांना त्याचं बोलणं उमगलं नाही, एवढंच लूक सांगतो. मग तिघं नाझरेथला परत गेले. जोसेफाने वाद घातला नाही. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. स्वप्नात दूत सांगतो आणि हा उठून कामाला लागतो. मुलाला मंदिरात अर्पण करायला नेलं तेव्हा गरिबाला परवडेल तेवढं, पाखरांचं जोडपं दिलं. कर्ज काढून कोकरू नेलं नाही. मला हा माणूस आता कुठे कळतोय.

आणि मला काका आठवले. तू नववीत होतास. "तू माझा बाप नाहीस" म्हणून दाराला लाथ घातलीस आणि बिजागरीच उपटलीस. (फुटबॉलमध्ये तुझी अशी एकही लाथ बसली नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.) सकाळी मी आलो तर काका खाली बसून त्याच दाराला रंधा मारत होते. पावसात फुगलेलं ते दार, कधीचं अडकत होतं. तुझ्याकडे न बघताच म्हणाले, "धर रे तिकडून." तू धरलंस. त्यावर पुढे कधी शब्द नाही.

फाटकाशी मी तुला म्हणालो होतो, एकदा तरी त्यांना पप्पा म्हणायचं होतंस. बाबल्या, मला माफ कर. तू दार धरलंस तेव्हाच त्यांना मिळायचं ते मिळालं होतं. हे कळायला मला स्वतः अंकल व्हावं लागलं.

परवा १९ तारखेला आपल्या देवळाचा, संत जोसेफाचा सण झाला. प्रवचनात फादरनी पोप फ्रान्सिस यांचं ८ डिसेंबर २०२० चं पत्र काढलं. १८७० मध्ये त्याच तारखेला जोसेफाला अख्ख्या ख्रिस्तसभेचा पालक म्हणून जाहीर केलं होतं, त्याला दीडशे वर्षं झाली तेव्हाचं. पोर जन्माला घातलं म्हणून कुणी बाप होत नाही, त्याची जबाबदारी उचलली की होतो, असं पोपनी लिहिलंय. माझ्या डोळ्यांना धार लागली. आईला वाटलं धूप गेला.

आता आईचंच सांगतो. तिचा हट्ट आहे, पोराला आपलं आडनाव लाव. शास्त्रही काढते: जोसेफाने पोराला नाव दिलं, दाविदाचं घराणं दिलं, मग तू का नाही? रोज रात्री तेच. मला पटत नाही. ह्या पोराचा बाप होता, त्याच्यावर जीव टाकणारा होता, मनोरीला त्याचं घर आहे. ते नाव खोडून माझं लिहिलं तर मी त्याच्याकडून आणखी एक घर काढून घेतलं, असंच होईल. की मी नुसता भितोय? तू त्या बाजूने जगलायस. काकांचं आडनाव लावायचा विषय तुझ्या घरी कधी निघाला होता का? तुला तेव्हा काय वाटलं असतं? मन राखायला लिहू नकोस, खरं लिही.

तुझं कसं चाललंय? पोरीची दहावी ना यंदा? पाठ दुखते असं ताई म्हणाली, पट्टा बांध आणि डॉक्टरला दाखव. मे महिन्यात येणार असशील तर १ तारखेच्या आत ये. काका त्या दिवशी सकाळी मिस्सा ऐकून तसेच गोदीतल्या कामगार दिनाच्या झेंड्याला जायचे. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये हा दिवस कामगार जोसेफाचा केला, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्याही आधी, हे ते दर वर्षी तुला ऐकवायचे आणि तू दर वर्षी भांडायचास. काकांचंच बरोबर होतं.

एक मागणं आहे. मनोरीच्या घराचं पुढचं दार फुगलंय, उघडत नाही, म्हणून तर पोर ओट्यावर बसलं होतं. काल मी त्याला विचारलं, पुढच्या रविवारी जाऊन दार नीट करू या का? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पप्पांच्या खोलीचंपण अडकतं."

काकांचा रंधा अजून तुझ्या पोटमाळ्यावर असेल. किल्ली ताईकडेच आहे ना? तू हो म्हटलंस तर शनिवारी काढून घेतो. पातं गंजलं असेल, पण धार मी लावतो.

तुझाच,
वाडीतला शेजारी