प्रतिकारशक्ती नुसती वाढवून चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पदार्थांविषयी आलेला लेख वाचला. सकस आहाराचा त्यातील आग्रह योग्यच आहे. मात्र प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी, हे त्यामागचे गृहीतक शास्त्राला धरून नाही. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना ज्या कामासाठी मिळाले, ते या शक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींविषयीचे (टी-पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले की, पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन असलेल्या काही टी-पेशी काढून घेतल्या, तर उरलेल्या टी-पेशी उंदराच्या स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडतात. २००१ मध्ये ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ हे जनुक सापडले; आवर घालणाऱ्या याच पेशींच्या घडणीला ते आवश्यक असल्याचे पुढे कळले. ते बिघडलेल्या मुलग्यांना तान्ह्या वयातच आतड्याचा दाह, त्वचारोग आणि मधुमेह एकदम गाठतात. कुंपणानेच शेत खाण्याचा हा प्रकार आहे.

ही नियामक पेशी एकदा तयार झाली की आपोआप काम करत राहते, असे मात्र नाही. तिच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, मिळणाऱ्या संदेशांवर तिचे सारे काम अवलंबून असते. पहिला संदेश टी-पेशी रिसेप्टरचा. टी-पेशी जिथे परिपक्व होतात त्या छातीतील थायमस ग्रंथीत तो शरीराच्या स्वतःच्या घटकांना बऱ्यापैकी घट्ट चिकटला, तर त्या पेशीत फॉक्सपी३ जागे होऊ शकते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत पूर्ण वाढलेल्या नियामक पेशींमधून हा रिसेप्टर काढून टाकला, तेव्हा त्यांच्यातील फॉक्सपी३ बहुतांशी टिकून राहिले, पण इतर पेशींना आवरण्याची त्यांची क्षमता गेली.

दुसरा संदेश इंटरल्यूकिन-२ या, टी-पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचा. नियामक पेशी हा पदार्थ स्वतः जवळजवळ बनवतच नाही; हल्ला करणाऱ्या टी-पेशी तो बनवतात आणि ही आपल्या सीडी२५ युक्त रिसेप्टरने तो टिपून घेते. त्यातून पेशीच्या आत स्टॅट५ हे प्रथिन कार्यरत होते आणि फॉक्सपी३ टिकून राहते. म्हणजे हल्ला वाढला की त्याला आवरणाऱ्यांचाही जोर वाढतो, आणि इंटरल्यूकिन शोषले गेल्याने हल्लेखोरांच्या वाट्याला ते कमी येते. निसर्गाची ही योजना मला फार देखणी वाटते.

तिसरा सीटीएलए-४ हा रिसेप्टर. इतर टी-पेशींना चेतवणारी सीडी८० आणि सीडी८६ ही प्रथिने तो समोरच्या पेशीवरून अक्षरशः ओरबाडून घेतो. त्यालाच रोखणारे इपिलिमुमॅब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. ते अनेकांना उपकारक ठरले. पण ते घेणाऱ्या काही रुग्णांत आतड्याचा तीव्र दाह किंवा अंतःस्रावी ग्रंथींचे विकार उद्भवतात. प्रतिकारशक्तीचा आवर सैल केल्याची किंमत ती हीच.

आता आपल्या गोव्याकडे वळतो. फोंड्याच्या एका औषधाच्या दुकानात टॅक्रोलिमसच्या गोळ्या घेणारे एक गृहस्थ त्याच पिशवीत गुळवेलीच्या पावडरचा डबाही टाकताना मी पाहिले. टॅक्रोलिमस हे मूत्रपिंड वा यकृत प्रत्यारोपणानंतरचे, प्रतिकारशक्ती दडपणारे नेहमीचे औषध. टी-पेशी रिसेप्टरकडून आत जाणारा संदेश कॅल्सिन्युरिन या पेशीतील विकरापाशी अडवून ते इंटरल्यूकिन-२ ची निर्मिती थोपवते. एका हाताने दडपायचे आणि दुसऱ्या हाताने चेतवायचे, याला उपचार कसे म्हणावे? गुळवेल घेतल्यानंतर यकृताला स्वप्रतिकारक स्वरूपाची, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने होणारी इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नाही, हेही येथे नमूद करणे न्याय्य ठरेल. वाद मिटेल तेव्हा मिटेल; प्रत्यारोपण झालेल्यांनी, तसेच संधिवात, ल्युपस यांसारख्या स्वप्रतिकारक आजारांच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काहीही घेऊ नये, एवढे तरी सांगायला हवे.

आपल्या पुरवणीत अशा लेखांसोबत ही सूचना ठळक चौकटीत छापावी आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने ती डब्यांवरही कोंकणी-मराठीत सक्तीची करण्याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, फोंडा