तुझ्या कादंबरीतली ती चिठ्ठी

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा खर्डा दोन रात्रींत वाचून काढला आणि मग पेन्सिल हातात घेऊन पुन्हा सावकाश वाचला. सोबतच्या कागदावर तू लिहिलंयस, "बाबा, ही मुळात रहस्यकथाच आहे. प्रेमाचा भाग जरासाच आहे, तो फार मनावर घेऊ नकोस." मी अडकलो तो इथेच. ज्या पानांनी मला रात्री जागं ठेवलं ती नेमकी तीच पानं होती, आणि तू त्यांचीच माफी मागत होतीस. असं करू नकोस, बाळा.

प्रेमकथेत दुसरं काही आलं की ती भेसळ, आणि रहस्यकथेत प्रेम आलं की ती पातळ झाली, असं म्हणणारे तुला पुष्कळ भेटतील. त्यांना सांग, 'कादंबरी' हा आपला शब्दच एका प्रेमकथेच्या नायिकेचं नाव आहे. बाणभट्टाने सातव्या शतकात लिहिलेल्या त्या कथेत बोलणारा पोपट आहे, शाप आहेत, जन्मामागून जन्म आहेत. नायक चंद्रापीड मरतो, पण त्याचा देह विटत नाही. कादंबरी तो देह जपत बसून राहते, आणि शेवटी तिच्या मिठीत तो जिवंत होतो. यातला अद्भुताचा भाग वरून शिंपडलेला नाही. याच कथेतला दुसरा प्रेमी, विरहाने जळणारा पुंडरीक, मरता मरता चंद्राला शाप देतो, चंद्र उलट त्याला शाप देतो, आणि सगळे जन्म तिथून सुरू होतात. शापाचं मूळच प्रेमात आहे. बाण ही कथा अर्धी टाकून गेला आणि पुढे त्याच्या मुलाने ती पूर्ण केली. वाचताना ते आठवलं की मला दर वेळी थोडं थांबावं लागतं.

आता तुझ्या कथेकडे येतो. तुझी नायिका हस्ताक्षरतज्ज्ञ आहे. मृत्युपत्र खोटं आहे का, हे तिला ठरवायचंय, आणि ज्याच्यावर संशय आहे तोच तिला आवडायला लागलाय. एवढं सोनं हाताशी असून तू काय केलंस? पाचवं प्रकरण तपासाचं, सहावं गच्चीवरच्या गप्पांचं, सातवं पुन्हा तपासाचं. मी एक प्रयोग केला. गच्चीची सगळी प्रकरणं बाजूला ठेवून उरलेली वाचली. तपास कुठेच अडखळला नाही. मग तपासाची बाजूला ठेवून गच्चीची वाचली. त्यांचंही काहीच अडलं नाही. म्हणजे दोन गोष्टी एकाच घरात राहताहेत, पण एकमेकींशी बोलत नाहीत.

पण चौथ्या प्रकरणात तू एक चिठ्ठी ठेवली आहेस आणि पुढे तिला विसरून गेली आहेस. तो तिच्या टेबलावर चार शब्द लिहून ठेवतो: "निघतो. दिवा चालू ठेवलाय." ती चिठ्ठी ती पाकिटात जपून ठेवते, आणि तिथेच ती चिठ्ठी संपते. मी त्या पानावर बराच वेळ बसलो. अगं, ही बाई पोटापाण्यासाठी अक्षरं वाचते! चिठ्ठी हातात आल्याबरोबर तिला शिरोरेषा दिसणारच. कोणी एकेक अक्षर लिहून त्याच्यावर रेघ देतो, कोणी सगळा शब्द लिहून झाल्यावर एका झटक्यात रेघ ओढतो, कोणी ती 'ठ'च्या डोक्यावर जराशी तोडतो. समज, मृत्युपत्रातली रेघही तशीच तुटलेली आहे. मग आयुष्यातली सगळ्यात जवळची चिठ्ठी हाच तिच्याकडचा सगळ्यात पक्का पुरावा होतो. ती दाखवली तर तो जातो. लपवली तर तिचा स्वतःवरचा विश्वास जातो. मग कुठलंही प्रकरण काढून बघ, दुसरी बाजू कोसळलीच पाहिजे.

डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने हे चार पुस्तकांत, सात वर्षं लावून केलं. 1930च्या पहिल्या पुस्तकात नायिकेवर विषप्रयोगाने खून केल्याचा खटला चालू असतो. नायक तिला सोडवतो, मागणीही घालतो, आणि ती नाही म्हणते. का? ज्याने फासावरून वाचवलं त्याला उपकारापोटी हो म्हणायचं नाही म्हणून. तिचा होकार यायला 1935 उजाडतं. म्हणजे रहस्य सुटलं, आणि ते सुटल्यामुळेच प्रेमात अडसर उभा राहिला. 1937च्या शेवटच्या पुस्तकाला सेयर्सने उपशीर्षक दिलं त्याचा अर्थ असा: मध्ये मध्ये तपासाचा व्यत्यय येणारी प्रेमकथा. रहस्यकथेत प्रेम हा व्यत्यय, असं ती स्वतः म्हणत आली होती. त्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तिने लिहिलं की त्या दोघांच्या बाजूने पाहिलं तर व्यत्यय तपासाचाच असेल.

भयकथा, विज्ञानकथा यांचंही तेच. कालप्रवास आणायचा तर त्या प्रवासाची किंमत दोघांच्या सहवासातून वसूल झाली पाहिजे. भूत असेल तर ते त्या दोघांच्या मधोमध उभं राहायला हवं. मारेकरी मागे लागलेत आणि दोघं थांबून प्रेमाचं बोलताहेत, असं मात्र लिहू नकोस. तेव्हा हात धरून पळू दे, बोलणं नंतर.

वाचणाऱ्याला यात दुप्पट सुख का मिळतं, यावर मी बरीच वर्षं विचार केलाय. रहस्यकथेत आपण प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पुरावा म्हणून बघतो. प्रेमकथेतही तेच करतो: तो थांबला का, तिने कप उचलताना वर पाहिलं का. दोन्हीकडे नजर तीच असते. दोन्ही एकत्र आले की एकाच वाक्यातून आपण दोन गोष्टी शोधत असतो. दुसऱ्यांदा वाचताना गुन्हेगार माहीत असतो, पण तिने कप उचलला ते पान तेवढंच ताजं लागतं.

शेवटाबद्दल एकच सांगतो. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची ओळख दोन गोष्टींवर ठरवली होती: मध्यभागी प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा, आशेचा शेवट. तुझ्या खर्ड्यात शेवटी तो मरतो. मरू दे, पण मग पहिल्या पानापासून वातावरण तसं ठेव. दोघं एकत्र येणार अशी आशा तीनशे पानं लावायची आणि शेवटच्या चार पानांत धक्का द्यायचा, हे मला तुझ्याकडून नको. माझं मन सांगतं की त्याला मारण्याचं कारण तुला कथेत सापडलेलं नाही. प्रेमकथा म्हणून कोणी हलकी समजेल, या भीतीने तू त्याला मारलंयस.

पान 112 वर पेन्सिलने खूण केली आहे. तिथून पुढचं पुन्हा लिहायला घे. वर्ष लागलं तरी चालेल. ती चिठ्ठी दाखवते की पाकिटातच ठेवते, तेवढं मला आधी कळव.

तुझा,
बाबा